नामाजीमामांच्या कपाळावरची निळी खूण

ड्रायव्हरला कान नसतात असा आमच्याकडे सगळ्यांचा समज आहे. जीपमध्ये बसलं की माणसं सुनांची गाऱ्हाणी सांगतात, जुळत आलेल्या सोयरिकी मोडतात, भावाच्या नावानं बोटं मोडतात, आणि पुढे बसलेला भीमराज म्हणजे जणू गाडीचाच एखादा सुटा भाग. आखाडा बाळापूर ते वारंगा फाटा आणि फाट्यावरून पुढे जिकडचं भाडं मिळेल तिकडं, असं माझं आयुष्य चाललंय. ऐकलेलं सगळं लिहायचं म्हटलं तर गावात राहणं मुश्किल होईल. म्हणून मी कधी लिहीत नाही. नामाजीमामांचं तेवढं लिहितो, कारण ते माझ्याच गाडीत घडलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

नामाजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या गावात वडीलधाऱ्या माणसाला मामाच म्हणतात. जातीनं धनगर, उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी आणि बोलणं मेंढरांपेक्षा कमी. मी लहान असताना त्यांचा कळप कयाधूच्या काठापासून फाट्यापर्यंत फिरायचा. शेतकरी घरी येऊन विनवायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंड्यांचं खत पडतं, आणि त्या बदल्यात धनगराच्या घरी ज्वारी येते. मामा कुणाला हो म्हणत, कुणाला नाही. त्या काळी त्यांचा रुबाब एखाद्या तहसीलदारासारखा होता, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

मग रस्ता रुंद झाला. रस्त्याकडेची चराई गेली, तिथं हॉटेलं आली, टायरवाले आले, पेट्रोलपंप आला. पडीक माळावर पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले. मेंढरं चारायची कुठं, हा प्रश्न मामांनी दोन-चार वर्षं काठी टेकून विचारला आणि नंतर विचारायचं सोडून दिलं. कळप विकत विकत घरामागं बांधण्याइतका उरला. त्याच सुमाराला डोळे गेले. उजवा कधीचाच निकामी होता, डाव्यावर दुधाळ पडदा आला. उजेड कुठून येतोय एवढं कळायचं, बाकी सगळं कानावर.

घर दोन खोल्यांचं. त्यात मामा, मुलगा शिवहार, सून पुजा, त्यांची लेकरं, आणि शिवहारचा धाकटा भाऊ वारला तेव्हापासून त्याची बायको आणि तिची लेकरं. शिवहार बाळापूरच्या बाजारात पोती उचलतो. माणूस सरळ आहे, इतका की त्याला खोटं बोलता येत नाही आणि त्यापायी बाजारात मारही खातो. एकदा माझी जीप त्याच्या दारात थांबली असताना तो वैतागून म्हणाला होता, "घरात पाय ठिवायला जागा न्हाई, भीमराज. मानसं वाढून राहिले आन घर तेवढंच हाय." असं आपण सगळेच म्हणतो. मी हो म्हणालो, हॉर्न वाजवला आणि निघालो. मामा तेव्हा ओट्यावर बसलेले होते.

आता एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मेंढी म्हातारी झाली, दात पडले, गाभण राहीना की ती खाटकाला द्यावी लागते. प्रत्येक घराची द्यायची पद्धत वेगळी. मामांच्या घरात मालक आदल्या दिवशी तिला स्वतः धुणार. हातानं गूळ-ज्वारी चारणार. सकाळी तिच्यापुढं काही टाकणार नाही. कळपातून ओळखू यावी म्हणून तिच्या कपाळाला निळीचं बोट लावणार. मग दोरी धरून तिच्याशी गोड बोलत बोलत चालणार, चल गं, बाभळीच्या शेंगा खायला जाऊ. कुठं चाललोय ते तिला कळू द्यायचं नाही. भ्यालेलं जनावर दिलं तर ते पाप मालकाच्या माथी, असं मामा मानत. आणि दोरी खाटकाच्या हातात दिली की सरळ घरची वाट धरायची, मागं वळून बघायचं नाही.

शिवहारची थोरली पोरगी राजनंदिनी हिंगोलीला कॉलेजात जाते. पोरगी हुशार आहे, जरा जास्तच. तिच्या पर्यावरणाच्या सरांनी पोरांना एक जुना इंग्रजी सिनेमा बघून त्यावर लिहून आणायला सांगितलं. घरात लेकरांचा दंगा, म्हणून ती मोबाइल घेऊन संध्याकाळी ओट्यावर आबाजवळ, म्हणजे मामांजवळ, येऊन बसायची. रेंज येईल तसा तुकड्या-तुकड्यानं सिनेमा चालायचा. मामांना मोटारींचे, गर्दीचे, कुणाच्या तरी रडण्याचे आवाज यायचे. काय चाललंय गं, असं ते विचारायचे आणि पोरगी खालची अक्षरं वाचून सांगायची. म्हणजे मामांनी तो सिनेमा कधी पाहिलाच नाही. त्यांनी तो नातीच्या तोंडून ऐकला, आणि ज्याला दिसत नाही तो ऐकलेलं फार नीट बघतो.

तर त्या सिनेमात एक शहर. त्यात इतकी माणसं झालेली की ती जिन्याच्या पायऱ्यांवर झोपतात आणि आपल्या खोलीत जायचं तर झोपलेल्यांच्या मधून पाय टाकत जावं लागतं. उकाडा हटत नाही. भाजी नाही, मटण नाही, झाड बघायला मिळत नाही. सरकार चौकोनी वड्या वाटतं, त्याच लोक खातात. वड्या संपल्या की दंगा होतो आणि मोठ्या यंत्रांनी माणसं उचलून नेतात, जेसीबीनं मुरूम उचलावा तशी. मेंढरं आहेत का, असं मामांनी विचारलं. नाहीत म्हणाली. मेंढरू म्हणजे काय हे तिथल्या लेकरांना ठाऊकच नाही म्हणाली.

आणि त्या शहरात एक घर. कंटाळलेल्या म्हाताऱ्या माणसानं तिथं जायचं. तिथले लोक प्रेमानं बोलतात, स्वच्छ कपडे घालतात, आवडता रंग कोणता ते विचारतात. मग पलंगावर निजवतात आणि समोरच्या भिंतीवर हिरवीगार रानं, पाणी, हरणं, मेंढरांचे कळप दाखवतात. बघता बघता माणूस झोपतो तो उठत नाही. पुढं त्या मढ्यांचं काय होतं हे पोरगी सांगेना. मामांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, त्याच चौकोनी वड्या. मी तिथं असतो तर पोरीचा मोबाइल काढून घेतला असता. आंधळ्या म्हाताऱ्याला संध्याकाळच्या वेळी सांगायच्या का ह्या गोष्टी? पण मामांना शिसारी आली नाही. ते म्हणाले, म्हंजे वाया काही जात न्हाई. मेंढराचंही काही वाया जात नाही, लोकर, कातडं, लेंडी, सगळं कामी येतं. धनगराला हे आपल्यापेक्षा आधी सुचणार.

त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. त्या घरात जाणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं का? पोरगी म्हणाली, हो आबा, तो स्वतःच्या मर्जीनं जातो. आणि हे कधीचं आहे? त्यावर पोरगी हसली. सिनेमा खूप जुना, पण गोष्ट पुढच्या काळातली दाखवलीय आणि ते साल आपल्याकडे येऊन गेलंसुद्धा, असं तिनं सांगितलं. ती हसली त्या सिनेमावाल्यांचा अंदाज चुकला म्हणून. मामांनी मात्र सरळ अर्थ घेतला. साल येऊन गेलं, म्हणजे हे कुठंतरी झालेलं आहे. आपल्याकडे अजून पोचलं नसेल, तर येईल. रस्ता नाही का आला?

ह्यानंतर मामांच्या मनात जे चाललं होतं त्याचा कुणाला पत्ता नव्हता, कारण मामांनी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांनी सांगितलं ते पुष्कळ नंतर. ते भल्या पहाटे उठून बसायचे आणि घरातल्या सगळ्यांचे श्वास ऐकायचे. कोण कुठं झोपलंय, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर आहे, हे त्यांना श्वासावरून कळायचं. उंबऱ्यापर्यंत माणसंच माणसं. पायऱ्यांवर झोपतात ते हेच, असं त्यांना वाटायचं. ताटातली भाकरी मोडायच्या आधी ते ती हुंगायला लागले. पुजा रागावली, पीठ चाळून घेते मी, काय हुंगता? मामा हुंगून झालं की खायचे.

आणि त्यांनी शिवहारला मेंढरांना हाक मारायला शिकवलं. टाळूला जीभ लावून मारायची ती हाक त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, पण मेंढरं मामांच्याच हाकेला यायची. बाजारातून दमून आलेल्या शिवहारला ते घरामागं उभं करायचे आणि पुन्हा पुन्हा हाक मारायला लावायचे. शिवहार चिडायचा. एका संध्याकाळी मेंढरं खरोखरच शिवहारच्या हाकेला वळली. त्या दिवसानंतर मामांनी मेंढरांना हाक मारली नाही, एकदाही नाही.

अशात आमच्याकडे डोळ्यांचं शिबिर लागलं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचं, फुकट. बाळापूरच्या शाळेत डोळे तपासायचे, ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांना गाडीनं शहरात न्यायचं, ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी आणून सोडायचं. गाडी माझीच लावली होती. शिवहारनं ह्यासाठी किती खेटे घातले ते मी पाहिलंय. बापाला दिसलं पाहिजे हा त्याचा एकच ध्यास होता. उगाच कुणी त्याला वाईट म्हणू नये म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

डोकं धुऊन, स्वच्छ कपडे घालून या, असं शिबिरवाल्यांनी सांगितलं होतं. म्हणून आदल्या दिवशी शिवहारनं स्वतः बापाला आंघोळ घातली. दगडानं टाचा घासल्या, पाठ चोळली, दाढी केली. एवढ्या वर्षांत त्यानं बापाच्या अंगाला असा हात लावला नव्हता. पुजानं आनंदानं गुळाच्या शेवया केल्या आणि म्हाताऱ्याच्या हातून सांडतं म्हणून राजनंदिनीनं त्या स्वतःच्या हातानं भरवल्या. रक्त तपासायचं होतं, म्हणून सकाळी काही द्यायचं नव्हतं. निघताना शिवहारनं बापाचा हात धरला आणि म्हणाला, "चला बाबा, डोळ्याचं करून येऊ. मंग सगळं हिरवंगार दिसंल."

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्या आलं नाही.

मामांनी मला सांगितलं, ते वाक्य ऐकलं तेव्हा आपल्याला कुठं नेतायत ते त्यांना कळलं. मुलाच्या हातावर भार टाकून ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांना एक गोष्ट सुचली आणि तिनं त्यांना बरं वाटलं. आंघोळ, गूळ, उपाशी पोट, गोड बोलणं, एकही पायरी चुकली नव्हती. पोरगं बाजारात पोती उचलतं, पण रीत विसरलं नाही. हे सांगताना मामांच्या आवाजात कौतुक होतं, आणि मला ते ऐकवेना.

शाळेच्या व्हरांड्यात त्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांतली म्हातारी माणसं ओळीनं बसली होती. एक मुलगी डोळ्यांत बॅटरी मारून बघायची. ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांच्या भुवईच्या वर पेनानं फुली काढायची, म्हणजे आत गेल्यावर चुकीच्या डोळ्याला हात लागायला नको. फुलीवाले जीपकडे, बाकीचे घरी. मामांच्या डाव्या भुवईवर तिनं फुली काढली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्यांनी विचारलं, कोणत्या रंगाची हाय बाई? निळी आहे आजोबा, ती म्हणाली. मामांनी मान डोलावली.

शिवहारनं त्यांना माझ्यामागच्या सीटवर बसवलं, पाय आत घेतले, घोंगडी मांडीवर ठेवली. मग तो झटकन वळला आणि बाजाराकडे चालू लागला. माझ्या मते त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याला कुणाला दाखवायचे नव्हते. मी गाडी चालू केली तेव्हा मामा पुढे वाकले आणि त्यांनी मला विचारलं, शिवहारनं मागं वळून पाहिलं का? मी आरशात बघून सांगितलं, नाही, सरळ गेला.

"बराबर," मामा म्हणाले.

मामांच्या शेजारी तांड्यावरची भिकाबाई बसली होती. तिच्याही भुवईवर फुली. भिकाबाई म्हणजे एरवी तोंडाचा पट्टा, पण त्या दिवशी घाबरून हातातल्या बांगड्या वर-खाली करत होती. सुई डोळ्यात टोचतेत का, असं तिनं मला फाट्यापर्यंत पाचपन्नास वेळा विचारलं असेल. शेवटी मामांनीच तिला समजावायला घेतलं. मी इतकं बोलताना त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. भ्यायचं नाही म्हणाले. तिथं गार असतं, सगळे गोड बोलतात. अंगावर स्वच्छ कापड घालतात. भिंतीवर रान दाखवतात, पाणी दाखवतात, ते बघत राहायचं. दुखत काही नाही.

भिकाबाईला वाटलं, हा माणूस आधी जाऊन आलेला दिसतो. तिला धीर आला. तिनं विचारलं, मंग परत कवा आनतेत?

मामा मांडीवरची घोंगडी चाचपू लागले. मागं बसलेली बाकीची माणसंही उत्तर ऐकायला पुढे सरकली. मला हसू आलं. मी म्हणालो, परत म्हणजे काय, उद्या सकाळी मीच येतोय तुम्हाला घ्यायला.

तेव्हा मामा अगदी मायेनं म्हणाले, "तुलाबी तसंच सांगाया लावतेत, बाबा. तुजी काई चूक न्हाई."

भर दुपारचं ऊन होतं. काचेतून झळा येत होत्या. आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मी आरशात पाहिलं तर सगळी म्हातारी तोंडं, सगळ्यांच्या भुवयांवर निळ्या फुल्या, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी उद्या येणार होतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी क्षणभर मला वाटलं, मला कुणी सांगितलंय म्हणूनच ठाऊक आहे ना? मी रेडिओ लावला. लागेना, म्हणून बंद केला.

दवाखाना चांगला होता. स्वच्छ, गार, माणसं नम्र. त्यांना बोट दाखवायला जागा नाही. पण मी सगळ्यांना आत पोचवायला गेलो आणि मला तिथून लवकर निघावंसं वाटलं. लांब खोलीत बाकावर म्हाताऱ्या माणसांची रांग, सगळ्यांच्या अंगात हिरवे झगे, डोक्याला हिरव्या टोप्या, बाई कोण आणि बाप्या कोण ओळखू येत नव्हतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भिंतीवरच्या टीव्हीत डोंगर, झरे, हरणं चालली होती, आवाज बंद. टोकाला एक दार. ते उघडलं की रांगेतला पहिला माणूस आत जायचा आणि त्या दारातून परत कुणी यायचं नाही. बाहेर यायची वाट दुसऱ्या बाजूनं आहे, हे मला एका वॉर्डबॉयनं सांगितलं. पण मी काही त्याला विचारलं नव्हतं, त्यानं आपणहून सांगितलं, आणि तेच मला आवडलं नाही.

मामांनी मला जवळ बोलावलं. त्यांना भिकाबाईच्या आधी जायचं होतं. ती भीत होती, आपण आधी गेलो तर तिला बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. नर्सनं हसून नंबर बदलला. मग त्यांनी घोंगडी माझ्या हातात दिली आणि शिवहारला द्यायला सांगितली. उद्या तुम्हीच घेऊन जा की, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी नुसतीच घेतली.

दाराआड काय झालं ते मामांनी मला सांगितलं ते असं. त्यांना निजवलं. तोंडावर कापड घातलं, त्याला एका डोळ्यापुरतं भोक. डॉक्टरनं विचारलं, आजोबा, तयार? ते व्हय म्हणाले. मग वरून उजेड आला आणि त्या उजेडात रंग हलायला लागले, आधी निळा, मग हिरवा. इतका हिरवा त्यांनी कळप होता तेव्हाही पाहिला नव्हता. त्या हिरव्यातून पांढरं काहीतरी सावकाश सरकत गेलं. तीच आपली मेंढरं, असं त्यांनी धरलं. त्यांना वाईट वाटलं नाही. राजनंदिनीनं सांगितलं तसंच आहे, एवढंच मनात आलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, झालं आजोबा, उठा.

"झालं म्हंजे मेलो," मामा मला म्हणाले. "पन मेल्यावर उठाया लागते हे कुनी सांगितलं नव्हतं." हे सांगताना ते स्वतःच हसले.

एक डोळा बांधलेला, दुसरा कामातून गेलेला, अशा अंधारात ते पहाट होईपर्यंत पडून राहिले. आजूबाजूला ओळीनं माणसं श्वास घेत होती. मेलेली माणसं श्वास घेतात का, ह्याचा ते विचार करत होते. उजाडल्यावर कुणीतरी हातात चहाचा कप दिला आणि वर एक बिस्किट. त्यांनी बिस्किट बोटांनी चाचपलं. चौकोनी होतं. चहा प्यायले, बिस्किट उशीखाली ठेवलं. पलीकडून भिकाबाईचा आवाज आला, ती दुसरं बिस्किट मागत होती. खाऊ नको, असं तिला सांगावं का, ह्यावर त्यांनी बराच विचार केला आणि मग सांगितलं नाही.

सकाळी मी शिवहारला घेऊन गेलो. पट्टी काढली तेव्हा शिवहार पलंगासमोरच उभा होता. बापानं डोळ्याची उघडझाप केली, स्वतःचे हात वर धरून उलटसुलट बघितले आणि मग मुलाकडे पाहिलं. पाहतच राहिले. मुलगा त्यांनी शेवटचा नीट पाहिला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. शिवहार आनंदानं विचारत होता, दिसतंय का बाबा, किती बोटं आहेत? मामांनी बोटं बरोबर सांगितली. पण त्यांचा चेहरा मला आनंदी वाटला नाही. घरी पोचलेल्या माणसाचा नव्हता तो, चुकून भलत्याच गावात उतरलेल्या माणसाचा होता.

परतताना मामा खिडकीशी बसले, शिवहार त्यांच्या बाजूला, पलीकडे भिकाबाई काळा चष्मा लावून खूष. बाकीच्यांना न्यायला त्यांची माणसं आली होती. मामा सारखे बाहेर बघत होते. कितीतरी वर्षांनी रस्ता बघत होते ते. वारंगा फाट्यावर बाजाराची गर्दी होती आणि गाडी अडकली. ट्रक, रिक्षा, हातगाडे, ट्रॅव्हल्सची वाट बघणारी माणसं, दुकानाच्या पायऱ्यांवर डोकं गुडघ्यात घालून बसलेली माणसं. मामांनी विचारलं, एवढी कवा झाली? पुढे माळ लागला, त्यांचाच जुना चराईचा माळ. त्यात पांढरे दगडच दगड. मामांनी मान फिरवून दगड संपेपर्यंत पाहिलं.

मग ते शिवहारकडे वळले आणि म्हणाले, "जागा न्हाई म्हनत होता तू, ते मला आता दिसलं. तुजं काई चुकलं न्हाई."

शिवहारला काही कळलं नाही. काय चुकलं नाही, त्यानं विचारलं. तेव्हा मामांनी सगळं सांगितलं, अगदी हळू, बाजारभाव सांगावा तसं. आंघोळ, शेवया, उपाशी पोट, निळी खूण, गोड बोलणं, मागं न बघता जाणं. तू रीत बराबर केली म्हणाले. त्यांनीच परत पाठवलं, त्याला तू काय करणार? मी त्या वेळी पहिल्यांदा हे सगळं ऐकत होतो आणि गाडी आपोआप हळू झाली होती. भिकाबाईनं चष्मा काढला.

शिवहारचं तोंड पांढरं पडलं. "तुमाला वाटलं मी तुमाला मारायला धाडून राहिलो?"

"व्हय."

"आन तुमी काई बोलले न्हाई? गुमान गाडीत बसले?"

"तू बसवलं म्हनून बसलो."

आता शिवहारला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. 'बाबा, असं माझ्या मनातसुद्धा कधी आलं नाही.' ते तो म्हणेल म्हणून मी थांबलो, भिकाबाई थांबली. त्यानं तोंड उघडलं. पेट्रोलपंप गेला, हॉटेल गेलं, टायरवाल्याचं दुकान गेलं. मी सांगितलंय, त्याला खोटं बोलता येत नाही. वाक्य त्याच्या ओठावर होतं आणि 'मनातसुद्धा'पाशी येऊन ते अडलं. कधीतरी, पोती उचलून घरी आल्यावर, उंबऱ्यापासून पसरलेल्या माणसांमधून पाय टाकताना, अर्ध्या क्षणापुरतं काहीतरी आलं असेल. तेवढंच. माझीही आई घरी आहे, म्हणून मला ठाऊक आहे. त्यापेक्षा जास्त मला विचारू नका.

मामा त्याच्या तोंडाकडे बघत होते. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना ते तोंड दिसत नव्हतं. आता डोळा स्वच्छ होता, ऑपरेशन उत्तम झालं होतं, आणि त्यांना सगळं नीट दिसलं.

त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि असू दे म्हणाले. मग ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.